माझ्या पोटावरचं नाव

मी एक जुनी पितळी घागर आहे, मित्रांनो. काठाला पोचा आलाय, बूड झिजलंय, पण अजून थेंबभर गळत नाही बरं का! कळमनुरीच्या बाजारात दगडोबा नावाच्या शेतकऱ्यानं मला भाचीच्या लग्नासाठी घेतलं आणि कासाराला बजावलं, "हिच्यावर आमच्या जावयाचं नाव घाल." जावयाचं नाव सोनाजी. कासारानं मान डोलावली खरी, पण आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची रीत. सवयीचा हात सवयीनंच चालला. ओळखीच्या गिऱ्हाइकाचं, म्हणजे दगडोबाचंच, नाव आणि गाव माझ्या पोटावर कोरून तो मोकळा झाला. बिचाऱ्या दगडोबाला अक्षर कुठं येत होतं?

भाची शकुबाई मला घेऊन शिरड शहापूरला सोनाजीच्या घरी नांदायला आली. माझ्यावर धन्याचं नाव आहे, म्हणून माझे काय लाड! चिंच लावून, राख लावून घासायची आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवताना गालातल्या गालात हसायची. विहिरीवरच्या बाया माझं तोंडभर कौतुक करायच्या. मला मात्र लाज वाटायची. घरात वाचणारं कुणी नव्हतं, आणि मला तोंड असलं तरी बोलता थोडंच येतं?

अशी बारा वर्षं गेली. मग अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा आला. निजामाच्या मुलखात रझाकारांनी उच्छाद मांडला. कधी या अंगाला धूर दिसे, कधी त्या अंगाला. तांड्यावरची धुरपताबाई गाडी जुंपून हद्दीवरच्या नाक्यापलीकडं निघाली, तेव्हा सोनाजीनं बायकोला आणि आठ महिन्यांच्या लेकीला तिच्या गाडीत बसवलं. ज्वारीचं खळं अजून उरकायचं होतं.

"आठ रोजात येतो," तो म्हणाला. "अकोल्याच्या छावणीत आपलं नाव लावून ऱ्हाय. नावावरूनच हुडकीन तुला."

पैनगंगा ओलांडली आणि मुलूख बदलला. तिकडं निजाम, इकडं हिंदुस्थान. एका नदीनं माणूस परदेशी होतं, हे मला तेव्हा कळलं. धुरपताबाईची गाडी वाशीमलाच थांबली; तिथून आम्ही मालमोटारीनं अकोल्याला गेलो. छावणी कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या आवारात होती. पहिल्याच सकाळी गिरणीचा भोंगा वाजला आणि रझाकार आले असं समजून साऱ्या बाया लेकरं उचलून भिंतीमागं पळाल्या. रस्त्यावरची माणसं हसत पुढं गेली. केवढं ते शहर! विहीर नाही, पाणवठा नाही. नळाखाली मी तास तास रांगेत बसे. पाण्याला लोखंडाचा वास यायचा. तू कुठली गं, एवढंसुद्धा कुणी शकुबाईला विचारलं नाही. मला तर त्या गर्दीत पहिल्या दिवसापासून काहीतरी वाईट घडणार असंच वाटत होतं.

आणि घडलं ते माझ्यामुळंच.

यादी करणाऱ्या कारकुनानं शकुबाईला नवऱ्याचं नाव विचारलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी धन्याचं नाव तिनं कधी ओठावर आणलं नव्हतं. मागं ही रांग लागलेली. शेवटी तिनं मला पुढं सरकवलं आणि म्हणाली, "यावर लिवलंय, सायेब." कारकुनानं माझं पोट वाचलं, तेवढंच लिहून घेतलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. मला ओरडावंसं वाटलं, मित्रांनो, पण घागर कुठली ओरडते?

आठ दिवस झाले, दहा झाले. रोज मालमोटारी येत, रोज माणसं उतरत. शकुबाई फाटकाशी उभी राहून एकेक तोंड निरखायची. नळावर जावं लागे तेवढाच वेळ ती तिथून हलायची. बाराव्या दिवशी तिला धीर निघेना. नळावरून येता येता, मला कडेवर घेऊनच, ती कारकुनापुढं उभी राहिली आणि आमच्यासाठी कुणी आलं होतं का, असं तिनं विचारलं.

त्यानं यादीवरून बोट फिरवलं. "दगडोबाच्या बायकोला विचारत कुणी आलेलं नाही, बाई."

"दगडोबा तर माझा मामा हाय!" शकुबाईनं मला कडेवरून धाडकन खाली टेकवलं. माझ्यातलं पाणी तिच्या अंगावर सांडलं. मग लाजलज्जा सारी सोडून ती म्हणाली, "माझ्या मालकाचं नाव सोनाजी. शिरड शहापूरचा सोनाजी."

कारकुनाचा चेहरा उतरला. त्यानं सांगितलं, सोनाजी परवा दुपारी येऊन गेला होता. शकुबाई तेव्हा नळावर होती. सोनाजीनं यादीत आपलं नाव दोनदा बघायला लावलं, पार रडकुंडीला आला. बायको-लेकरू नाक्याच्या तिकडंच अडकलं असेल, असं म्हणून आल्या पावली निजामाच्या हद्दीत माघारी गेला.

भाद्रपदात निजामाचं राज्य संपलं आणि आम्ही गावी परतलो. दाराला कडी तशीच होती. पावसानं खळ्यातल्या ज्वारीला कोंब फुटले होते. सोनाजी आला नव्हता. अजून नाही.

घागरी चिंच लावून घासा, पोचे काढून घ्या, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण मित्रांनो, माझी तेवढी काळजी नका करू. तुमच्या वाटेत सोनाजी नावाचा कुणी भेटला, तर त्याला सांगा: लेक आता चालायला लागली आहे, शकुबाई घरीच आहे, आणि वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला ती तुझं नाव घेऊन विचारते आहे.