ठिपक्याचा स्क्रू

म्हसवडच्या माळावर पहिली फेरी सुटली तेव्हा अश्लेषाच्या गाडीखाली पेट्रोलचं थारोळं साचत होतं.

कोरेगावची अश्लेषा मातीतल्या मोटारसायकल शर्यतीत पहिल्यांदाच उतरत होती. गाडी तिच्या वडिलांची, जुनी जपानी टू-स्ट्रोक. शेतीपंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करून दुकान उभं राहिलं, तेव्हा अण्णांनी हौसेनं घेतलेली. अश्लेषा तिच्यावरच शिकली, उसाच्या फडातल्या गाडीवाटांवर. सकाळी टेम्पोतून उतरवली तेव्हा गाडी एका किकमध्ये सुरू झाली होती. आता मात्र सुरू होऊन लगेच घुसमटत होती आणि कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल वाहत होतं.

"आत कचरा अडकलाय," अण्णा म्हणाले. "खालचा कप खोलायला लागंल."

त्यांनी कार्बोरेटर सोडवून पोत्यावर उलटा ठेवला. कपाला चार बारीक स्क्रू होते. अण्णांनी नेहमीचा स्टार स्क्रूड्रायव्हर लावला आणि मनगटाचा जोर दिला. टोक सुर्रकन वर आलं. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. खाचेतून चकचकीत भुगा निघाला.

"आवं अण्णा, थांबा. डोकं खाल्लं त्याचं."

"मग काय करू? लय हट्टी गडी हाय ह्यो."

अश्लेषाला रात्रभर झोप लागली नव्हती, भीतीनं नव्हे, कधी एकदा उजाडतंय असं झालं होतं म्हणून. आणि आता चार स्क्रूंपायी बाजूला उभं राहून दुसऱ्यांचा धुरळा खायचा?

"काका, तो स्क्रूड्रायव्हर आधी बाजूला ठेवा."

शेजारच्या तंबूतून सुमैरा आली होती. सांगलीकडची ही मुलगी इथं सगळ्यांना ठाऊक होती, कारण गेल्या वर्षीची शर्यत तिनंच मारली होती. एरवी ती कुपवाडच्या एका कारखान्यात फिटर होती.

"का? मापाचाच हाय की," अण्णा म्हणाले.

"मापाचा आहे, पण जातीचा नाही." सुमैरानं खाली बसून न बिघडलेल्या एका स्क्रूवरचं तेलकट अंगठ्यानं पुसलं. फुलीशेजारी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला. "हा दिसतोय? हा जपानी मापाचा स्क्रू. खाच आपल्या स्टारसारखीच वाटते, पण आपल्या स्टारचं टोक हिच्यात पुरतं बसत नाही. जोर लावला की वर चढतं आणि कडा खातं."

"घरनं इम्पॅक्ट आणायला पायजे हुता. वरनं हातोडा हाणला की टोक दाबतंय आन् फिरतंय. इंजिनाची झाकणं म्या त्यानंच काढतो."

"इंजिनाच्या झाकणाला चालतंय. ह्याला मारलात तर तडा जाईल, काका. लय मऊ धातू आहे."

अण्णांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अश्लेषानं सुमैराकडे पाहिलं. "पण पुढच्या फेरीत तुमीच हाय ना माझ्याबरोबर?"

"व्हय. म्हणून तर आले. गेल्या वर्षी मागं कुणीच नव्हतं. काय मजा न्हाई आली."

तिनं तंबूतून कापडाची गुंडाळी आणली. तिच्यात जपानी मापाचे स्क्रूड्रायव्हर होते, टोकाला जरा बोथट दिसणारे. त्यांतला एक निवडून तिनं खाचेत ठेवला आणि हात सोडून दिला. तो तसाच उभा राहिला, जराही डुलला नाही. मग तिनं स्क्रूंच्या बुडाशी गंजावरचं तेल सोडलं, थोडं मुरू दिलं, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर लाकडी हातोडीनं हलकेच टकटक केलं.

"आता तू धर. गाडी तुझी आहे. सगळी ताकद फिरवण्यात घालू नको. आधी दाबून धर, मग फिरव."

अश्लेषानं दाबलं, फिरवलं. हाताखाली बारीकसा टक् झाला आणि स्क्रू सुटला. तिला हसूच फुटलं. दुसरा सुटला, तिसराही. प्रत्येक वेळी तो टक् तळहातातून थेट छातीत जात होता.

चौथा अण्णांनी खाल्लेला होता. त्यात योग्य टोकही धरेना. लाऊडस्पीकरवर पुढच्या फेरीची नावं पुकारायला लागले. सुमैरानं दोनदा प्रयत्न करून मान हलवली.

तेव्हा अण्णांनी आपल्या पेटीतून व्हाइस ग्रिप पक्कड काढली. "खाच गेली तर जाऊ दे. डोक्याची कड हाय अजून." त्यांनी स्क्रूचं डोकं बाजूनं जबड्यात पकडून पक्कड आवळली. "तू वरनं टकटक कर, पोरी."

सुमैरा ठोकत राहिली, अण्णा कणाकणानं फिरवत राहिले, आणि स्क्रू कुरकुरत बाहेर आला.

कप निघाला. पेट्रोल अडवणाऱ्या आतल्या सुईच्या टोकाशी वाळूचा कण बसला होता. अश्लेषानं तो फुंकून उडवला, सगळं पुसून परत बसवलं. चौथा स्क्रू अण्णांनी पकडीनंच आवळला. पेट्रोल चालू केलं. नळी कोरडी राहिली. पहिल्याच किकला गाडी अशी कडाडली, की पलीकडचे लोक वळून बघायला लागले.

"चल, पळ," सुमैरा म्हणाली आणि स्वतःच आपल्या गाडीकडे पळाली.

झेंडा पडला. सुमैरा सुरुवातीलाच पुढं गेली. तिच्या मागच्या चाकाची माती अश्लेषाच्या हेल्मेटवर सडासडा आदळत होती. डावीकडच्या अवघड वळणावर सगळे आतल्या बाजूनं घुसत होते आणि भुसभुशीत मातीत चाकं रुतत होती. अश्लेषानं गाडी बाहेरच्या कडेला नेली, जिथं मुरूम दाबलेला होता. तिथं चाक पकडत होतं. ती एकेकाला मागं टाकत गेली. शेवटच्या वळणावर तिनं सुमैरालाही गाठलं, क्षणभर पुढंही निघाली, आणि तिच्या तोंडून एक आरोळी बाहेर पडली. सरळ रस्त्याला लागल्यावर मात्र सुमैरानं गिअर असा अचूक टाकला, की अर्ध्या चाकानं तीच पुढं राहिली.

अण्णा कडेच्या दोरीखालून वाकून आत आले. त्यांनी गाडीच्या टाकीवर हात फिरवला. मग म्हणाले, "म्या हिला कवा एवढी पळवली न्हाई."

सुमैरा हेल्मेट काढत आली. धापा टाकतच तिनं विचारलं, "वळणावर बाहेरनं कशी काय गेलीस? मला वाटलं पडतीस आता."

अश्लेषाला क्षणभर वाटलं, सांगू नये. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. पण अंगातला आनंद तिला गप्प बसू देईना. "चल, दाखवते."

दोघी चालतच वळणापर्यंत गेल्या. अश्लेषानं बुटाच्या टाचेनं आतली माती उकरून दाखवली, मग बाहेरचा टणक पट्टा. सुमैरा उकिडवी बसली आणि तिनं त्यावरून तळहात फिरवला.

"गाडीवाटेला असंच असतंय," अश्लेषा म्हणाली. "मधी फुफाटा, कडंला दगड."

"मी कधी फडात चालवलीच नाही." सुमैरा उठली, हात झटकले. "रविवारी कोरेगावला येऊ का?"

"ये की. आन् येताना ती गुंडाळी घिऊन ये. अण्णा सगळी गाडी खोलून ठेवतील."