उघडा पाय

सॅम्युएलला टॅकल शिकवता येत नाही असं गावातलं कोणी म्हणालं असतं, तर त्यानं त्याला उचलून खाडीत बुचकळून काढलं असतं. पण बहात्तर सालच्या एप्रिलात ते कंपनीचा मॅनेजर म्हणाला. आणि मॅनेजरला खाडीत बुचकळता येत नाही.

पत्र्याचे डबे करणारी ती कंपनी. मालकाला फुटबॉलचं वेड, म्हणून पंधरा खेळाडू पगारावर ठेवलेले. सकाळी मशीनवर, दुपारी बारा ते दोन मैदानावर. सॅम्युएल त्यांचा मास्तर. हा मूळचा उत्तनचा, बापजाद्यांच्या होड्या होत्या, पण याचं मन कधी पाण्यात रमलं नाही. सत्ताविसाव्या वर्षी खेळणं सोडून तो शिकवायला लागला आणि आता सदतिशी गाठली होती. गेल्या पावसाळ्यात मुंबईच्या लीगमध्ये त्याच्या टीमनं अडतीस गोल खाल्ले होते. अडतीस! एवढे गोल खायला पण अंगात काहीतरी लागतं.

मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता, पण त्याचा हिशोब सरळ होता. समोरच्याचा बॉल काढून घेताना एक खेळाडू पाय मागे घेत असेल तर तो भित्रा. मागचे चारही जण एकाच जागी, एकाच क्षणी पाय मागे घेत असतील, तर ते शिकवणाऱ्याचं पाप. मेच्या पहिल्या रविवारी वर्कशॉपच्या टीमशी सामना ठेवलाय, जिंकलात तर लीगमध्ये नाव घालतो, नाहीतर टीम बंद आणि मास्तर घरी, एवढं सांगून त्यानं चहा मागवला. सॅम्युएलला तो चहा गोड लागला नाही.

मैदान म्हणजे त्याच्याच गावाकडचं, खाडीलगतचं एक मोडलेलं मिठागर. बांधाची झडप तुटली तेव्हापासून त्यात पाणी घेत नव्हते. जमीन मात्र जुन्या मिठागऱ्यांनी पायांनी तुडवून तुडवून अशी बसवलेली, की बॉल टप्पा घेऊन डोक्यावरून जायचा. त्यावर मिठाचा पातळ पापुद्रा. देखभालीला धर्माजी होता, पासष्टीचा म्हातारा. संध्याकाळी खाडीचं पाणी शिंपडायचा, सकाळपर्यंत नवा पापुद्रा धरायचा आणि दुपारी बाराच्या उन्हात ते सगळं असं पांढरं फटक दिसायचं की डोळे मिटूनही दिसत राहायचं. भर बाराला मिठागरात कोणी पाय ठेवत नाही, ती वेळ माणसांची नाही, असं धर्माजी पहिल्या दिवसापासून सांगत आला होता. पण कारखान्याची भट्टी बारा ते दोनच थंड असे, त्याला कोण काय करणार?

सॅम्युएलनं विठूला बाजूला घेतलं. विठू उजव्या बाजूचा बॅक, रत्नागिरीकडचा, फुरशासारखा साप हातानं धरून भिरकावणारा गडी. असल्या माणसानं पाय मागे घ्यावा? सॅम्युएलनं आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग खांद्यावर हात ठेवून विचारलं. विठू बराच वेळ बुटाची नाडी बांधत आणि सोडत बसला.

"मास्तर, हसू नका. मी आत शिरतो ना, तेव्हा ऐन वेळेला समोरच्याच्या पायात बूट नसतो. उघडा पाय दिसतो. उघड्या पायावर खिळ्यांचा बूट कसा घालू?"

सॅम्युएल हसला नाही. त्यानं मागच्या चौघांतल्या डॉमनिकला वेगळं गाठून विचारलं, मग बाबाजीला. दोघांनी आधी टाळाटाळ केली आणि नंतर तेच सांगितलं. डॉमनिक तर म्हणाला, त्या पायाच्या अंगठ्याला काळा दोरा आहे. विठूशी याबद्दल आपण कधी बोललो नाही, असं तो शपथेवर सांगत होता. सॅम्युएलनं तिथेच शिट्टी मारून त्या दिवसाचा सराव थांबवला.

कारण तो दोरा त्याला माहीत होता.

सत्तावन्न साली, याच मिठागराच्या कोरड्या वाफ्यात, गावातली पोरं खेळायची. धर्माजीचा पोरगा लवू त्यांच्यात. राई गावापासून उत्तनपर्यंत त्याच्यासारखा बॉल फिरवणारा नव्हता, आणि तो अनवाणी खेळायचा. नजर लागू नये म्हणून आईनं त्याच्या अंगठ्याला काळा दोरा बांधलेला. सॅम्युएल त्याचा जिवाभावाचा दोस्त. त्या साली सॅम्युएलनं मुंबईहून जुने बूट आणले, तळाला पकडीसाठी चामड्याच्या गोल गिट्ट्या खिळ्यांनी ठोकलेले. गावात पहिलेच बूट, मग काय विचारता, पाय जमिनीला लागेना. पहिल्याच दिवशी तो लवूवर धावून गेला आणि एका सैल गिट्टीचा खिळा लवूच्या घोट्याखाली गेला.

लोक धावत आले. काय झालं, काय झालं? सॅम्युएलच्या तोंडून निघून गेलं, "घसरला." लवूनं त्याच्याकडे बघितलं आणि तो काही बोलला नाही. दोस्त होता ना! कोणीतरी जमिनीवरचं मूठभर मीठ घेऊन जखमेवर दाबलं, फडकं बांधलं. संध्याकाळी कंपाउंडरनं विचारलंसुद्धा, खिळा-बिळा लागला का, लागला असेल तर इंजेक्शन द्यायला हवं. घरातले म्हणाले, छे, मिठावर घसरला. सॅम्युएल दारातच उभा होता. तो खाली बघत राहिला. नवव्या दिवशी लवूची दातखीळ बसली आणि धनुर्वातानं तो गेला.

हे पंधरा वर्षांत त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, रीटाला नाही आणि पाद्रीबाबांनाही नाही. पापाची कबुली द्यायला गेला की तो दारूचं सांगायचा, शिव्यांचं सांगायचा आणि उठून यायचा.

त्या दिवशी पोरं कामावर गेल्यावर तो एकटाच मैदानात फिरला. पापुद्र्यावर सगळं उमटलेलं होतं. विठू कुठून धावला, कुठे थबकला, सगळं. आणि समोरून आलेल्या फॉरवर्डच्या बुटांच्या खुणांना लगटून अनवाणी पायांची एक रांग होती. नुसती बोटं आणि चवडा, टाच कुठेच नाही. जोरात धावणाऱ्याची टाच टेकत नाही. जिथे टॅकल व्हायला हवा होता तिथपर्यंत ती रांग आली होती आणि तिथे संपली होती.

धर्माजी बांधावर छत्री घेऊन बसला होता. रोजच बसायचा. सॅम्युएलनं त्याला विचारलं, काका, मैदानात अनवाणी तुम्हीच फिरता ना? विचारताना तो मनात देवाला विनवत होता, की हा हो म्हणू दे.

"फिरतंय की. पन माजं गुडघं बघ. मी धावतंय काय?" म्हातारा म्हणाला. मग खाडीकडे बघत त्यानं विचारलं, "तू पोरांना रोज काय सांगतंस, ठाव हाय? पाय बघा, समोरच्याचा पाय बघा. मी हितं बसून ऐकतंय. अरं, पाय बघनारा कदी बॉल घेल काय? तुना कुनाचा पाय दिसतं रं?"

म्हाताऱ्यानं बरोबर नस पकडली होती. बॉल बघा, बॉल सोडू नका, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि हा मास्तर दहा वर्षं पोरांना पाय बघायला शिकवत होता. स्वतः करून दाखवतानाही तो वीतभर आधी थांबायचा, आणि पोरं ते थांबणंच शिकली होती. म्हणजे मॅनेजर खरा होता. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं हुकूम सोडला: पायाकडे बघायचंच नाही. पाय उघडा असो, सोन्याचा असो, नजर बॉलवर. चार दिवस पोरं अडखळली. आठव्या दिवशी विठूनं असा टॅकल मारला की मिठाचा धुरळा उडाला आणि बॉल बांधापलीकडे गेला. पोरांना आता उघडा पाय दिसेनासा झाला. डॉमनिक हसूनखेळून बोलायला लागला, मॅनेजर एकदा उन्हात उभा राहून बघून गेला आणि खूश होऊन गेला.

ठसे मात्र गेले नाहीत. ते आता धावत नव्हते, एवढंच. सॅम्युएल शिट्टी घेऊन रेषेबाहेर जिथे उभा राहायचा, तिथून वीसेक पावलांवर दोन उघड्या पायांचे ठसे दिसायला लागले. शेजारी शेजारी, बोटं सॅम्युएलकडे केलेली. कोणी आपल्याकडे बघत उभं राहावं तसे. दुसऱ्या दिवशी ते अठरा पावलांवर होते, मग पंधरा. सॅम्युएल बुटानं ते पुसून टाकायचा, आणि दुसऱ्या दुपारी ते आणखी पुढे आलेले असायचे. त्यानं जागा बदलून समोरच्या बाजूला उभं राहून बघितलं. ठसे तिकडे वळले. त्याची झोप उडाली, जेवण तुटलं. बाहेरचं काही लागलंय का बघून घ्या म्हणून रीटा मागे लागली, तर तो तिच्यावरच डाफरला. बाहेरचं कसलं? त्याला पक्कं ठाऊक होतं की हे आतलं आहे. आणि ते जवळ येत होतं.

रविवारी दुपारी चारला सामना सुरू झाला तेव्हा ठसे त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर होते. त्यानं या वेळी पुसले नाहीत. हिंमतच झाली नाही.

पोरं मात्र जीव ओतून खेळली. पहिल्या अर्ध्यातच बाबाजीनं मागून पुढे येऊन गोल केला आणि मग मागचे चौघे भिंत होऊन उभे राहिले. वर्कशॉपवाल्यांचा एकही माणूस सुखासुखी पुढे जाईना. मॅनेजर खुर्चीत पुढे सरकून बसला होता. दहा मिनिटं उरली होती. एवढी दहा मिनिटं गेली की टीम राहिली, पंधरा जणांची भाकरी राहिली आणि सॅम्युएलची मास्तरकी पण.

तेवढ्यात त्यांचा एक फॉरवर्ड गोलसमोरच्या चौकोनात घुसला आणि विठू त्याच्यावर गेला. नजर बॉलवर, शिकवल्याप्रमाणे. धुरळा उडाला, बॉल एकीकडे गेला आणि तो पोरगा घोटा धरून दुसरीकडे पडला. रेफ्री लांब होता, त्यात तिरपं ऊन आणि पांढऱ्या जमिनीचा झळाळ. त्याला काही दिसलं नाही. धावत येऊन त्यानं विचारलं, काय झालं? विठू उठला. त्यानं एकदा सॅम्युएलकडे बघितलं आणि रेफ्रीला म्हणाला:

"घसरला."

तोच शब्द. तोच खालचा आवाज आणि तसंच शेवटी खाली बघणं. हे विठूला कोणी शिकवलं? तिकडे त्या पोराच्या सोबत्यांनी त्याचा बूट काढला, मोजा काढला. मिठावर त्याचा उघडा पाय टेकलेला होता आणि घोट्याखाली खिळ्याएवढं लाल भोक होतं. एक जण खाली वाकून मूठभर मीठ खरवडत होता.

सॅम्युएलनं पाय उचलला. समोरच्या त्या दोन ठशांवरूनच त्याला जावं लागलं.

"मीठ नको!" तो ओरडला. मग श्वास घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तो घसरला नाही. आमच्या विठूचा पाय लागलाय, बुटाचा खिळा गेलाय आत. कंपनीची गाडी काढा, याला आत्ताच्या आत्ता धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला पाहिजे." आणि बांधाकडे वळून, ज्या माणसाकडे तो पंधरा वर्षं सरळ बघू शकला नव्हता त्याच्याकडे बघून बोलला, "धर्माजीकाका, लवूपण घसरला नव्हता. माझा खिळा लागला त्याला."

धर्माजीनं छत्री मिटायला फार वेळ घेतला.

"ठाव हाय," म्हातारा म्हणाला. "शेवटल्या दिवशी बोलला लवू मना, दात मिटायच्या आदी. तवा इलाज न्हवता. म्हनला, बाबा, सॅम्याला काय बोलू नुको. त्यो येल आनि त्योच सांगल." म्हाताऱ्यानं मिटलेली छत्री बांधावर टेकली. "मी हितं बांधावर उगा बसतंय काय रं?"

रेफ्रीनं पेनल्टी दिली. गोल झाला, आणि मग मनातून खचलेल्या पोरांवर आणखी एक झाला. मॅनेजर खुर्चीतून उठून निघून गेला. जखमी पोराला मांडीवर घेऊन सॅम्युएल गाडीत बसला होता, इंजेक्शनची सुई आत जाईपर्यंत त्यानं त्याचा पाय सोडला नाही. सोमवारी टीम बंद झाल्याचा कागद लागला. विठू चार दिवस त्याच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी दारात येऊन उभा राहिला आणि रडला.

त्याआधी, सोमवारीच, हिशोब चुकता करून सॅम्युएल भर बाराला एकटा मिठागरावर गेला होता. धर्माजी नव्हता. बांधावरची त्याची जागा पंधरा वर्षांत पहिल्यांदा रिकामी होती. पापुद्रा नवा धरला होता, कालचं सगळं बुजलं होतं. फक्त सॅम्युएलच्या उभं राहण्याच्या जागेपासून उघड्या पायांची एक रांग निघाली होती. ती त्याच्याकडे पाठ करून बांधावर चढली होती आणि धर्माजीच्या झोपडीकडे गेली होती. कसलीच घाई नसलेल्या माणसाची चाल होती ती. या वेळी टाचाही उमटल्या होत्या.