मधले नऊ सेकंद

शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी ठरली होती. आईचा डावा कान बारा वर्षांपूर्वीच गेला होता. आता उजव्या कानामागे, ऐकण्याच्या शिरेला लगटून, वाटाण्याएवढी गाठ वाढत होती. गाठ काढायची तर शीर जाणार, हे सर्जनने कागदावर पेनाने एक रेघ काढून, मग ती खोडून दाखवले. आई त्या खोडलेल्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिली.

"बुधवारपर्यंत ऐकू येईल ना?" तिने विचारले.

काय ऐकायचे, हे तिने सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. आमच्या घरात ऐकण्यासारखी एकच गोष्ट होती.

ती एका सेरेनेडची तबकडी होती. कुणाच्या तरी खिडकीखाली उभे राहून, दिवस कलताना वाजवायचे संगीत. माणसांना आपल्या व्याकुळतेची अजून लाज वाटत नसे अशा शतकात लिहिलेले. ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न अशी फुंकवाद्ये वाजवणाऱ्या दहा जणांच्या फुप्फुसांवर उभी असलेली रचना, आणि त्यांच्या खाली, दम लागलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा तसे, एक चेलो आणि एक डबल बास. जाणकार आजही त्या ध्वनिमुद्रणाचे नाव निघाले की आवाज खाली आणतात. त्यातला तिसरा हॉर्न माझे वडील. वाद्यवृंदात त्यांना सगळे 'तिसरा' म्हणत. आईही तेच म्हणे. ध्वनिमुद्रण झाले आणि सात आठवड्यांनी, तबकडी बाजारात येण्याआधीच, ते जिन्यात बसले ते उठले नाहीत. मी तेव्हा दीड वर्षाचा होतो.

त्या रचनेत तिसऱ्या हॉर्नला एकट्याने म्हणायला काही नाही. तो भरीचा आवाज. भिंतीतली वीट जशी निराळी दिसत नाही, तसा तो निराळा ऐकू येत नाही. त्यांचा दुसरा कुठलाही आवाज आमच्याकडे नव्हता.

दर रविवारी सकाळी आई ती तबकडी लावी. पहिला भाग चालू असताना ती भाजी निवडी, दुसऱ्यात हात पुसून खुर्चीत बसे, आणि दुसरा भाग संपता संपता तिचे बोट ओठांवर जाई. श्श. मी पाणी पीत असलो तर पेला हवेत थांबे. मग तिसरा भाग सुरू होई, संथ, क्लॅरिनेट आणि ओबो एकमेकांना हात देत अंधारा जिना उतरत असल्यासारखा. ती ज्याची वाट पाहते तो हाच भाग, अशी मी समजूत करून घेतली. तिला कधी विचारले नाही. आपल्या आईचे दुःख आपल्याला पाठ आहे, असे मुलांना वाटतच असते.

मी ज्या कंपनीच्या संग्रहालयात जुनी ध्वनिमुद्रणे दुरुस्त करतो, तिच्याचकडे त्या तबकडीची मूळ टेप होती. यंदा ती तबकडी नव्याने काढायचे ठरले तेव्हा मी ते काम मागून घेतले. जुनी टेप चिकट होते. तिला आधी मंद आचेच्या पेटीत आठ तास शेकावे लागते, मगच ती यंत्रावरून उलगडते. तशी ती उलगडली. पुढचे अकरा आठवडे मी पडद्यावर एकेक ओरखडा शोधून पुसत होतो: दिव्याची गुणगुण, खुर्चीची करकर, उलटलेले पान. त्यातले तीन आठवडे एकट्या तिसऱ्या भागाला दिले. आईची तबकडी वेष्टनाच्या छायाचित्रासाठी मीच मागून आणली होती. तिच्या तबकडी वाजवायच्या यंत्राचा पट्टा तुटला होता, तोही मी बदलला नाही.

"जुनं कशाला ऐकतेस?" मी म्हणालो होतो. "नवंच ऐक. स्वच्छ."

बुधवारी दुपारी मी स्टुडिओतली सगळ्यात मोठी खोली राखून ठेवली. आईबरोबर मावशी आली. ती आईची धाकटी बहीण; तिचे तोंड थांबलेले मी कधी पाहिले नव्हते.

"काय रे, एवढी मोठी खोली आणि खिडकी एकही नाही? कैदी ठेवता का इथे?"

"आवाज ठेवतो, मावशी."

"मग माझा नको ठेवूस. घरचे वैतागलेत तेवढं पुरे आहे." मग आईच्या उजव्या कानाशी वाकून ती ओरडली, "ताई, जिवंतपणी त्याला दोन शब्द बोलू दिले नाहीस, आणि आता चाळीस वर्षं ऐकत बसली आहेस!"

"तो बोलायचाच कुठे?" आई म्हणाली. "फुंकायचा."

तिने ठेवणीतली निळी साडी नेसली होती. तिची खुर्ची मी दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये नव्हे, जरा डावीकडे सरकवून ठेवली, म्हणजे उजवा कान पुढे येईल. आवाज नेहमीपेक्षा चढा ठेवला. पहिला भाग सुरू झाला तेव्हा तिने मान हलवली. तिला ऐकू येत होते. दुसऱ्या भागात तिने हात मांडीवर जुळवले, आणि तो संपत आला तसे तिचे बोट सवयीने ओठांवर गेले.

शेवटचा सूर विरला. शांतता झाली, आणि तिसरा भाग सुरू झाला.

"अरे!" आई म्हणाली. बोट अजून ओठांवरच होते. "लगेच?"

मला वाटले तिला संगीताबद्दल काही म्हणायचे आहे. मी हसून मान डोलावली.

"इतक्या लवकर कसं सुरू झालं? त्याला वेळच दिला नाहीस."

"कुणाला, आई?"

तिने माझ्याकडे पाहिले, जसे एखाद्या अनोळखी माणसाने आपल्या घराचे दार आतून उघडावे आणि आपण त्याच्याकडे पाहावे. मी संगीत थांबवले.

"तो मध्ये खाकरायचा ना," ती म्हणाली. "दोनदा. मग हॉर्नमध्ये नुसतीच फुंकर घालायचा, सूर न काढता. गार हॉर्न बेसूर बोलतो म्हणून. सगळे गप्प बसलेले असायचे, आणि हा आपला… घरी आला तरी तसंच. बेल कधी वाजवली नाही त्यानं. दाराशी येऊन दोनदा खाकरायचा, आणि मी उठायचे."

त्या काळच्या ध्वनिसंपादकांची एक रीत होती. दोन भागांमधली शांतता ते कोरी पट्टी जोडून करीत नसत. त्याच खोलीतली, तेच वादक श्वास धरून बसलेले असतानाची शांतता ठेवीत. आमच्याकडे आता दंडक वेगळा आहे: चार सेकंद, निव्वळ शून्य. मी कामाची वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: 'दुसरा व तिसरा भाग यांमध्ये: खाकरणे (दोनदा), वाद्यात रिकामी फुंकर. अनावश्यक. काढले. नऊ सेकंदांचे चार केले.'

ती दुपार मला आठवली. मी चहा पीत होतो. तो आवाज मी सात-आठ वेळा नक्की ऐकला असेल, तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते पाहण्यासाठी. मला काहीही जाणवले नव्हते. रक्ताला रक्ताची ओळख पटते म्हणतात. मला फक्त पडद्यावर एक राखाडी डाग दिसला होता, आणि तो मी नीट पुसला होता.

"आहे, आई, मूळ टेपेचं सगळं आहे इथे," मी तिच्या कानाशी म्हणालो. "काही गेलेलं नाही."

शेकलेल्या टेपेवरून उतरवलेला, न पुसलेला आवाज संगणकात होता. मी दुसऱ्या भागाच्या शेवटच्या काही ओळींपासून तो लावला. टेपची ती बारीक सरसर खोलीत पसरली. शेवटचा सूर विरला. आईचे बोट ओठांवर गेले.

मला ऐकू आले. कुणीतरी घसा साफ केला, जरा थांबून पुन्हा केला. मग धातूच्या लांब नळीतून एक ऊबदार, रुंद श्वास गेला, सूर नसलेला. नऊ सेकंद. मग क्लॅरिनेट.

मावशीने तोंडावर पदर धरला होता.

"अगं बाई," ती पुटपुटली. "हा तर दाराशीच उभा आहे."

आईला काहीच ऐकू आले नव्हते. ती स्पीकरकडे नव्हे, बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"आला?" तिने विचारले.

मावशीने होकारार्थी मान हलवली.

"मला नाही आला. परत लाव रे."

मी परत लावला. मग आवाज वाढवून लावला, मग आणखी वाढवून. कधीतरी तो तिच्या कानाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचेल अशा बेताने मी फक्त ते नऊ सेकंद चढवत नेले, आणि त्यांच्याबरोबर टेपची सरसर चढली, खोली चढली, दिव्याची गुणगुण चढली. पाचव्या वेळी आई दचकली.

"हे वादळ कसलं?"

"तेच आहे, आई. तोच आहे."

"हा तो नव्हे." तिने कानावर हात ठेवला. "तो हळू होता."

मी सगळे बंद केले. खोलीत आमच्या धंद्यातली ती दाट, भिंतींनी प्यालेली शांतता उरली. आईने बहिणीचे मनगट धरले.

"तू सांग. काय ऐकलंस?"

"खाकरला गं."

"दोनदा?"

"दोनदा."

"मग?"

"मग फुंकलं."

"कसं?"

मावशीने ओठ गोल केले, आणि आईच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन हळूच फुंकर घातली. आईने डोळे मिटले. मावशीच्या श्वासाने तिच्या कानामागचे केस हलले. पण तो मावशीचा श्वास होता. क्षणभराने आईने डोळे उघडले आणि साडीच्या निऱ्या सारख्या करू लागली.

"घरी मात्र यायचा," ती म्हणाली. "गेल्या महिन्यापर्यंत. पट्टा तुटेपर्यंत." निऱ्यांवरचा तिचा हात थांबला. "यायचा ना?"

घरच्या यंत्रावर, त्या खरखरीत, तिच्या अर्ध्या कानाला ते नऊ सेकंद ऐकू येणे शक्य नव्हते. गेली कित्येक वर्षे शक्य नव्हते. तेवढ्या जागेत ती त्याला स्वतःच आणून उभा करीत होती, आणि दार उघडत होती. मी जागा चार सेकंदांची केली, तेव्हा तो अर्ध्या जिन्यातच राहिला. आणि नंतर, माझी चूक सुधारण्याच्या घाईत, मी तिला तो ऐकू येत नसल्याचा पुरावाच ऐकवला, तोही पाच वेळा.

"म्हणजे कधीपासून…" ती म्हणाली, आणि उठली. "चला. उद्या लवकर उठायचंय."

टॅक्सीत तिने मावशीचे काही ऐकले नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली, असे सर्जन म्हणाले. गाठ निघाली. जीव राहिला.

त्याच आठवड्यात मी नव्या आवृत्तीत ते नऊ सेकंद परत घातले. वरून शेरा आला: 'मध्ये रेंगाळते. कसलासा आवाजही येतो. पाहून घ्यावे.' मी कारण लिहायला बसलो, चार वेळा बसलो. 'तिसऱ्या हॉर्नच्या पत्नीस' एवढे शब्द लिहिल्यावर पुढे काय लिहायचे ते सुचेना. ठरलेल्या तारखेला चार सेकंदांचीच तबकडी छापायला गेली.

आईची जुनी तबकडी मी घरी आणली आणि यंत्राला नवा पट्टा बसवला. रविवार होता. तिच्या डोक्याला अजून पट्टी होती. आता तिला आपला आवाज किती मोठा लागतो ते कळत नाही, त्यामुळे ती कुजबुजायला जाते ते अख्ख्या मजल्याला ऐकू जाते.

"लाव," ती म्हणाली.

मी सुई ठेवली. तिने खुर्ची यंत्राजवळ ओढली. तबकडीवर दोन भागांच्या मध्ये एक गुळगुळीत काळा पट्टा दिसतो, खाचाच नसल्यासारखा. सुई तिथे पोहोचली की मधला वेळ सुरू होतो. तिने तो पट्टा बोटाने मला दाखवला, जणू मला ठाऊक नसावा.

दुसरा भाग संपत आला. सुई काळ्या पट्ट्याच्या काठाशी आली. आईने ओठांवर बोट ठेवले नाही. तिने तबकडीवरची नजर उचलली आणि माझ्या चेहऱ्यावर आणून ठेवली.

स्टुडिओत बहिणीच्या चेहऱ्यावर तिने जे पाहिले होते, तेच ती आता माझ्यात शोधत होती.

तो खाकरला. पुन्हा खाकरला. फुंकर आली. मी ऐकत होतो, आणि मला ती फक्त फुंकर वाटत होती, चांगल्या हॉर्नमधून गेलेली, कुणाची तरी. ज्या दाराशी खाकरण्यावरून मी त्याला ओळखायचे, ते दार मला आठवतच नव्हते. मी डोळे मोठे केले. भुवया उचलल्या, हसू आणले, हात छातीशी नेला. बाकीचे सेकंद मी माझ्या चेहऱ्याची अशी ओढाताण करीत राहिलो.

"राहू दे," आई म्हणाली, फार मोठ्याने.

क्लॅरिनेट सुरू झाले होते. ती उठली आणि खुर्ची परत जागेवर सरकवू लागली. खुर्चीचे पाय फरशीवर किती करकरतात, ते तिला कळत नव्हते.