साकवावर आधी तुम्ही

अपेक्षाची अट एकच होती. मुलाशी चालता चालता बोलायचं आणि त्यातला एक शब्दही मोठ्यांच्या कानावर पडता कामा नये. आधीच्या स्थळांमध्ये ती मुलांपेक्षा त्यांच्या आयांशीच जास्त बोलली होती. त्यातल्या एका आईशी तर तिचं अजूनही छान जमतं.

"या वेळीही तसंच झालं तर मी तिथल्या तिथे नाही म्हणणार, मामा," तिनं मला बजावलं. स्थळ मी आणलेलं, त्यामुळे मला बजावणं सोपं होतं.

म्हणून मी मुळशीतली ही राखीव रानातली वाट सुचवली. मध्ये वाघजाईची देवराई, पलीकडे पाणथळ आणि सगळ्याला वळसा घालून पुन्हा गाड्यांपाशी आणून सोडणारी पायवाट. फाटकावर पाटी आहे: 'सोपी वाट. ज्येष्ठांनाही झेपेल.' यातल्या दुसऱ्या वाक्यानं घात केला. सगळे ज्येष्ठ आले.

आमच्याकडून भूगावहून माझी बहीण स्नेहल आणि मेहुणे चंद्रकांतराव. मेहुण्यांच्या पायात ट्रेकिंगचे नवे बूट, हातात काठी, गळ्यात शिट्टी. मारुंजीहून सुधीरराव, पल्लवीताई आणि खुद्द मुलगा, ऋषिकेश. सुधीररावांच्या शेतात हल्ली भाड्याच्या खोल्या पिकतात, पण पायात त्यांच्या साध्या वहाणाच होत्या.

फाटकावर जवळच्या वाडीतल्या कमळताई होत्या. "काय तोडायचं न्हाई, काय टाकायचं न्हाई," त्यांनी सांगितलं. "आन् साकवावर उड्या मारायच्या न्हाईत."

"आम्ही कशाला मारू?" चंद्रकांतराव म्हणाले.

"समदे आसंच म्हनत्यात."

पन्नासेक पावलांवर वाट फुटत होती. बाण उजवीकडे होता. चंद्रकांतरावांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात झाली. बाण दिसला की ते पाण्यासारखे तिकडे वाहू लागतात.

"बरोबर हाय तुमचं," सुधीरराव जागेवरूनच म्हणाले. "पन तिकडनं गेलं की देवी डाव्या हाताला येतीया. आमच्यात देवाला उलटा फेरा घालत न्हाईत."

"तुमचंही बरोबर आहे. पण पाटी लावणाऱ्यानं काही विचार केला असेल ना?"

"व्हय, त्येबी बरोबरच हाय."

लग्नाच्या बोलण्यात दोन्ही बाजू एकमेकांना बरोबर म्हणायला लागल्या की समजावं, आता कुणी हलत नाही. दोघांनी हसून एकमेकांना हात जोडले. मग आमची मंडळी उजवीकडे गेली आणि त्यांची डावीकडे. ज्यांना एकत्र चालवायला हा सगळा घाट घातला होता, ती दोघं पाठीला पाठ करून निघाली.

"कुटनंबी जावा," कमळताई मागून ओरडल्या, "परत हितंच येताय!"

"छान जमवलंस, मामा," अपेक्षा म्हणाली.

खरं तर सकाळ फार सुंदर होती. डिसेंबरचं कोवळं ऊन जांभळीच्या पानांतून खाली सांडत होतं, पाचोळा पायाखाली कुरकुरत होता आणि देवराईतून कुठलासा पक्षी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता. चंद्रकांतराव प्रत्येक झाडावरची पाटी मोठ्यानं वाचत होते. अपेक्षा एकाही झाडाकडे बघत नव्हती. ती तरातरा पुढे चालली होती आणि तो चेहरा मी ओळखतो. नकाराची वाक्यं जुळत होती.

अर्ध्या वाटेवर पाणथळ लागलं. त्यावर फळ्यांचा लांबच लांब साकव, एका माणसापुरता. आम्ही रांगेनं मध्यापर्यंत पोचलो, तर समोरून तीही रांग येत होती. आमच्या पुढे अपेक्षा, त्यांच्या पुढे ऋषिकेश. दोघं हातभर अंतरावर थांबली. सकाळपासून एवढी जवळ पहिल्यांदाच.

"या, आधी तुम्ही या," चंद्रकांतराव मागून म्हणाले. "मुलाकडचे तुम्ही. मान तुमचा."

"मान कसला वो? तुमी पाव्हनं. तुमी या," म्हणत सुधीरराव चार पावलं मागे सरले.

समोरचा चार पावलं सरला म्हटल्यावर आपण आठ सरायला नको? आम्ही सरलो. मग ते आणखी सरले. बघता बघता आम्ही या काठाला टेकलो आणि ते त्या काठाला. मध्ये एवढं मोठं पाणी, आणि त्याच्या बरोबर मधोमध साकवावर ती दोघं. त्यांना मागे बोलवायला सगळेच विसरले.

"मुलांना तेवढे पोहे नेऊन देते," स्नेहल डबा घेऊन निघाली.

मी तिचा पदर धरला. "तू आधी गेलीस तर त्यांचा मान राहील का?"

स्नेहल जागच्या जागी थिजली.

"या हो!" चंद्रकांतराव शिट्टी वाजवून ओरडले.

"तुमी या!" पलीकडून उत्तर आलं. पल्लवीताईंनी तर गवतावर सतरंजीही अंथरली.

साकवावर अपेक्षा बसली. तिनं पाय खाली सोडले. शेजारी ऋषिकेश बसला. जांभळ्या पाणकोंबड्या लाल चोची हलवत त्यांच्या पायांखालून गेल्या. अपेक्षा काहीतरी विचारत होती, बोटांवर मोजून मुद्दे सांगत होती. तो ऐकत होता. मग त्यानं काहीतरी सांगितलं आणि ती एवढ्या मोठ्यानं हसली की बगळे उडाले. एक शब्द ऐकू आला नाही. मला इतकं बरं वाटलं की मी स्नेहलच्या डब्यातले अर्धे पोहे संपवले.

"काय बोलत असतील रे?" स्नेहलनं विचारलं.

"ऐकू येत नाहीये, हेच चांगलं चाललंय."

बऱ्याच वेळानं दोघं उठली. वाटलं, येतील आपापल्या काठाला. पण अपेक्षा सरळ पलीकडे गेली आणि ऋषिकेश आमच्याकडे आला. "चला काका," तो म्हणाला, "आल्या वाटेनं जाऊ." पलीकडे अपेक्षानंही तेच सांगितलं असावं. सुधीरराव देवीला हात जोडून उलटे निघालेले मी स्वतः पाहिले. इकडे चंद्रकांतराव बाणाच्या विरुद्ध चालले होते आणि होणाऱ्या जावयाला पाट्या वाचून दाखवत होते.

फाटकाशी दोन्ही मंडळी एकदमच पोचली. दोन्ही बाप एकमेकांची नजर चुकवत होते.

"आलात न्हवं हितंच?" कमळताई म्हणाल्या.

"मामा," अपेक्षा म्हणाली, आणि चपलेतला चिखल झाडत ऋषिकेशकडे बघून हसली, "आम्ही अजून एक फेरी मारून येतो."

"आम्ही" म्हणाली. स्नेहलनं माझा दंड गच्च धरला. पल्लवीताईंनी तिथेच देवीला नमस्कार केला.

आणि दोन्ही बापांनी एका दमात विचारलं, "कुठल्या बाजूनं?"