मार खाणारी खुर्ची

मी एक लहान पोरांची खुर्ची बोलतेय. माझ्यावर बसलं कमी आणि मला बडवलं जास्त, म्हणून आज तोंड उघडते.

माझा जन्मच घावातला. मॅपलचं झाड होते मी. करवतीनं चिरलं, रंध्यानं सोललं, अंगात स्क्रू पिळले, तेव्हा कुठं मला चार पाय फुटले. एका शाळेनं वापरून टाकून दिलं. मग कॅनडातल्या सरे शहरातल्या अरुणाताईंनी जुन्या सामानाच्या गॅरेज सेलमधून आणलं. त्या आपल्या बेसमेंटमध्ये डेकेअर चालवायच्या. माझा एक पाय तेव्हाच डुगडुगत होता.

तिथली पोरं मला लाथा घालायची, पाठीला चावायची, पण खेळात. त्यात वैर नव्हतं. ते शुभदा आल्यावर आलं.

शुभदा इचलकरंजीची. तिकडं बालवाडीत शिकवायची. इथं आली आणि लगेच कामाला उभी राहिली, तीन वर्षांच्या लेकाला, गंधारला, कडेवर घेऊन. नवऱ्याला अजून काम नव्हतं.

"ट्रायलवर ठेवते हं," अरुणाताई म्हणाल्या. "आणि एक, इथं पोरांवर हात टाकायचा नाही. मनातसुद्धा आणायचं नाही."

"नाही हो ताई, मी कशाला मारते!"

पण पोरं तिला जुमानायची नाहीत. ती "सिट, सिट" म्हणायची, पोरं पळायची. नोकरी जाईल या धास्तीनं ती दिवसभर त्यांच्यामागं धावत राहायची.

एकदा त्यातली सलोनी धावत आली आणि माझ्यावर आपटली. ओठ फुटला. रडून तिनं बेसमेंट डोक्यावर घेतलं. इंग्रजीत समजूत कशी घालायची ते शुभदाला सुचेना. मग तिनं गावाकडं सगळ्या आया करतात तेच केलं. फाडकन् माझ्या पाठीत मारली.

"हात् मेले! आमच्या सलोनीला पाडतेस? घे अजून!"

सलोनी रडायची थांबली. जोनाह नावाचा पोरगा म्हणाला, "अगेन, मिस! हिट इट अगेन!"

शुभदानं अगेन मारलं. पोरं खदाखदा हसली आणि पहिल्यांदा तिच्याभोवती गोळा झाली. तिचा चेहरा असा उजळला, की माझी पाठ दुखायची राहिली.

मग रोजचंच झालं. पोरं मुद्दाम पडायची आणि मला झोडायची. ठोकळ्यांनी, बुटांनी, खेळातल्या तव्यानं. शुभदाची नक्कल करत ओरडायची, "हाट् मेले! हाट् मेले!"

"बघा ताई, मराठी शिकली पोरं," शुभदा कौतुकानं म्हणाली.

"अगं, पण मारायला शिकतायत."

"लाकडालाच मारतायत की!"

त्या शुक्रवारी शुभदा एका पोराला वॉशरूममध्ये घेऊन गेली होती. इकडं गंधारनं जोनाहच्या हातातला ट्रक ओढला. जोनाह तोंडावर पडला, नाकातून रक्त आलं. सगळी पोरं गोळा झाली. कोणी पाडलं, ते बघत होती. मग सलोनीनं लाकडी ठोकळा उचलला.

"हाट् मेले!"

सगळी गंधारवर तुटून पडली. मला मारायची तश्शीच, हसत हसत. तो रांगत माझ्याखाली शिरला. माझी पाठ फुटली, डुगडुगता पाय मोडला. तरी एक ठोकळा त्याच्या कपाळावर बसलाच.

शुभदा धावत आली. लेकराचं रक्त बघितलं आणि तिचा हात सलोनीवर उगारला गेला. सलोनीनं डोळे गच्च मिटले.

माझ्याखालून गंधार कळवळून ओरडला, "आई, खुर्चीला मार ना!"

तिचा हात वरच राहिला. मग तो खाली घेऊन तिनं गंधारला माझ्याखालून बाहेर काढलं.

अरुणाताई वरून आल्या. रक्त पुसलं, पट्ट्या लावल्या. "पेरेंट्सना मी सांगते, खुर्ची मोडकी होती, पोरं पडली. तू काही बोलू नकोस. नोकरी ठेवायची आहे ना?" आणि मला बाहेर कचऱ्याच्या डब्यापाशी भिरकावलं, पावसात.

संध्याकाळी शुभदा गंधारला घेऊन निघाली. मला बघताच त्यानं मूठ उगारली. "हिनंच मारलं मला!"

तिनं त्याची मूठ धरली. "नाही रे राजा. हिनं झाकलं तुला."

तेवढ्यात जोनाहच्या आईची गाडी आली. शुभदानं पुढं जाऊन काच वाजवली.

"मॅडम, नो चेअर. हिटिंग... आय टीच."

नोकरी गेली. अरुणाताईंनी दार लावून घेतलं. शुभदानं एका हातात लेकरू धरलं, दुसऱ्या हातात मला, आणि बसस्टॉपकडे चालू लागली.

आता मी तिच्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये आहे. मोडका पाय जुन्या नाडीनं बांधलाय. ती अजून काम शोधतेय. काल गंधार माझ्या पायात अडखळून पडला. सवयीनं त्याचा हात वर गेला. त्यानं आईकडे बघितलं. मग स्वतःच्याच गुडघ्यावर फुंकर घातली आणि माझ्या नाडीवरपण एक घातली.

आयांनो, पोर पडलं तर आधी पोराला उचला. कोणाला मारायचं ते शोधू नका. आणि मला, जमलंच तर, नुसतं बसायला वापरा.