दवाचा ठपका

डाळिंबं बांगलादेशाला धाडायची, हा हट्ट जोतीरामचाच. त्याची बायको कुशाबाई म्हणत होती, इंदापूरच्या मार्केटात दोन पैसे कमी मिळतील, पण माल डोळ्यांदेखत विकला जाईल. त्यानं ऐकलं नाही. निम्मा माल नासला, एवढाच तिकडच्या व्यापाऱ्याचा निरोप आला; गाडीला किती दिवस लागले, ते जोतीरामनं विचारलंच नाही.

दव वाळायच्या आत फळ पेटीत भरलं तर सडतं, हे बागायतदाराच्या पोरालाही ठाऊक. आणि पेट्या भरायचं काम कुशाबाईचं. शेडमध्ये सगळ्या बायकांसमोर जोतीराम तिला म्हणाला, "वलं फळ भरलंस तू. माझं नाव घालवलंस."

ऊन चढल्यावर एकेक फळ पुसून भरलंय, एवढंच ती बोलली. त्या दिवसापासून तिनं पेटीला हात लावला नाही. गेल्या माघात ती वारली.

परवा बारामतीत बागायतदारांची बैठक झाली. विकास बँकेनं शेजारच्या देशांना एकत्र धरून कर्ज दिलंय, त्यातून बांगलादेशच्या सरहद्दीवर शीतगृह झालंय, दोन्हीकडची तपासणी आता एकाच जागी होते, असं बँकेकडून आलेले साहेब सांगत होते. गाडी दिवसभरात पार होते म्हणे. पूर्वी कसं होतं ते दाखवायला त्यांनी एक फोटो लावला. भर उन्हात उभ्या ट्रकांची लांबच लांब रांग. त्या हंगामात गाड्या आठ-आठ, दहा-दहा दिवस अडकल्या होत्या.

जोतीरामनं साल विचारलं. साहेबांनी सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. त्याचा माल नासला तेच साल होतं. चहा यायच्या आत तो उठला आणि त्यानं इंदापूरची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी सून स्वरूपा बायकांना घेऊन पेट्या भरत होती. जोतीराम शेडच्या मधोमध जाऊन उभा राहिला. जिथं बोलला होता तिथंच बोलायचं, असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं.

"त्या वक्ताला फळ वलं न्हवतं," तो म्हणाला. "गाडी सरहद्दीवर अडकली व्हती. कुशाची चूक न्हवती."

मग जुनी मजूर म्हाळसा खाली बघतच म्हणाली, "तिला ठावं व्हतं, आबा. डायवरला फोन करून इचारलं व्हतं तिनं."

"मग बोलली का न्हाय?"

"तिकडं धाडायचं तुमीच ठरिवल्यालं. म्हणली, चारचौघांत त्यांची मान खाली नको जायला."

जोतीराम खाली बसला. स्वरूपाच्या हातातलं फडकं त्यानं मागून घेतलं आणि एक डाळिंब उचललं. फळ कोरडंच होतं. तरी तो पुसत राहिला.