अर्धा कोयता

चार वाजायला अकरा मिनिटं राहिली होती आणि ऋतिकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

'गढीवेस' हा मोबाइलवरचा खेळ चार वर्षं फुकट होता. पिंगळीची ऋतिका, तिचा चुलतभाऊ महारुद्र आणि गावोगावच्या चाळीस जणांनी त्यात चिरा चिरा रचून एक गढी उभी केली होती. दर सणाला कंपनी काहीतरी नवं द्यायची, तेव्हा हे असंच चालायचं अशी सगळ्यांची समजूत झालेली. मग कंपनीनं नवा मुलूख काढला, सगळ्या गढ्या उचलून त्यात नेल्या आणि वेशीवर विकतचा पास लावला. बांधलं लोकांनी, येऊन बसली कंपनी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. रविवारी चारच्या ठोक्याला पासवाले बारा जण वेशीवर उभे राहिले आणि अर्धा तास हल्ला परतवला, तरच गढी राहणार होती. नाहीतर ती जमीनदोस्त.

गढीला गेल्या स्पर्धेत मिळालेल्या बक्षिसातून पास घ्यायचं ठरलं, तेव्हा ऋतिकानं दैवशालाला फोन लावला होता. दैवशाला आणि तिची टोळी त्या चाळिसांतलीच, सध्या ऊस तोडायला सांगलीकडं गेलेली. वेस राखण्यात त्या टोळीचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि साखर कारखाना दुरुस्तीसाठी बंद असल्यानं त्या रविवारी सगळे मोकळे होते.

"किती जण येता?"

"सहा कोयते येतो की."

सहा ते आणि सहा पिंगळीचे, म्हणून ऋतिकानं बारा पास घेतले. उरलेल्या पैशांत हौसेनं गढीला सोनेरी निशाण लावलं. आज सकाळी पासची विक्री बंद झाली आणि आत्ता दैवशालानं टोळीची बारा नावं पाठवली.

"बारा कसे? सहा म्हणालात ना?" ऋतिकानं फोन करून विचारलं.

"सहा कोयते म्हनले, ताई. नवरा-बायको मिळून एक कोयता. एवढंबी म्हाईत न्हाई तुमाला?"

ऋतिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर दिवाळीनंतर तिच्या दारावरून टोळ्यांचे ट्रक जात होते आणि तिनं कधी साधी चौकशी केली नव्हती.

महारुद्र शेजारीच बसला होता. "गडी माणसं घे सहा. बायका ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

दैवशालानं ते ऐकलं. "एकटा गडी म्हंजे अर्धा कोयता. आमच्यात ढाल नवऱ्याकडं, तीर बायकूकडं. नुसत्या ढालीनं वेस टिकती व्हय?"

"मग तीन कोयते घे, तीन सोड."

"कोनते तीन, ते ताईनंच सांगावं."

त्यांतल्या एकाचाही चेहरा ऋतिकानं पाहिलेला नव्हता. चार मिनिटं उरली. बाराही पास टोळीला दिले तर गढी वाचण्याची आशा होती. पण ऋतिका गढीची प्रमुख होती, आणि प्रमुखानं पास सोडला की पद दुसऱ्याला द्यावं लागतं आणि त्याचं नाव गढीतून कायमचं निघतं, असा कंपनीचा नियम होता. तिनं पासवरची पिंगळीची सहाही नावं पुसली. पहिलं नाव स्वतःचं पुसलं.

"ऋते, येडी झालीस का? बांधली आपन अन् भायेर आपनच?"

"त्यांनीबी बांधली," ती म्हणाली आणि दैवशालाला प्रमुख करून टाकलं.

चार वाजत आले. बिनपासवाल्यांना बाहेरून फक्त दिवे दिसायचे, वेशीवरच्या एकेका माणसाचा एक. अकरा लागले, बारावा लागेना. उसाच्या फडाकडं रेंजचे वांधे असतात, तेवढं तिला ठाऊक होतं. महारुद्र शिव्या देत होता. शेवटच्या काही सेकंदांत बारावा लागला आणि हल्ला सुरू झाला. अर्धा तास ती जागची हलली नाही. दोन दिवे विझले, मग आणखी एक विझला. साडेचारला नऊ दिवे जळत होते.

त्याच क्षणी तिच्या स्क्रीनवर अक्षरं आली: 'तुम्ही या गढीचे सदस्य नाही.'

तिला रडू कोसळलं.

"झालं समाधान?" महारुद्र म्हणाला.

"न्हाई झालं," ती डोळे पुसत म्हणाली. "पन गढी उभी हाय."